सहादूनं फिरवलेला स्क्रू

नेवाशाच्या एसटी स्टँडसमोर केशरबाईंचं कॅसेटचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ. स्टुडिओ त्यांचा, पण लोक म्हणायचे सहादूचा. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या या माणसानं बारा वर्षांपूर्वी भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, फळ्या कापून स्पीकरची खोकी स्वतः ठोकली, आणि तेव्हापासून तालुक्यातल्या भजनी मंडळांची, जयंतीच्या गाण्यांची कॅसेट त्याच्या कानांनी पारखल्याशिवाय बाहेर पडली नव्हती.

१९९८च्या फेब्रुवारीत केशरबाईंनी मुंबईहून स्पीकरची नवी जोडी मागवली. ॲम्प्लिफायर आतच बसवलेली, मिक्सिंगसाठीच बनवलेली. आणि ती लावायला भाचीला बोलावलं. सीमा पुण्याच्या एका स्टुडिओत सहा वर्षं काम करून आलेली होती.

"स्पीकर लावायला पुण्याचं मानूस कशाला पायजे?" सहादू म्हणाला. "वायर खोचली की झालं."

"तिचं शिक्षण हाय त्यातलं. बघ तरी," केशरबाई म्हणाल्या.

सहादू दाराला टेकून बघत राहिला. सीमानं पहिल्यांदा त्याची खोकी उचलून कोपऱ्यात ठेवली. मग टेबल भिंतीपासून दोन हात पुढे ओढलं. त्यावर नवे स्पीकर ठेवून सुतळीनं दोन्हींमधलं अंतर मोजलं, आणि तेवढ्याच अंतरावर बसणाऱ्याचं डोकं येईल अशी खुर्ची मांडली. स्पीकरची तोंडं खुर्चीकडे वळवली, खाली विटा आणि स्पंज घालून ती कानाच्या उंचीला आणली. मग स्वतः खुर्चीत बसून तिनं केशरबाईंना आरसा धरून भिंतीकडेनं चालायला लावलं. आरशात जिथं स्पीकर दिसला, तिथं खूण केली.

"इथून आवाज आपटून परत येतो, आत्या. इथं गोधडी टांगू या."

शेवटी स्पीकरमागचे दोन बारीक स्क्रू, एक खर्जाचा आणि एक वरच्या सुरांचा, तिनं बरोबर मधल्या खुणेवर आणले आणि भामाबाईंची जुनी कॅसेट लावली.

भामाबाई म्हणजे सहादूच्याच वस्तीतल्या. बाबासाहेबांची गाणी गाणाऱ्या, साठी ओलांडलेल्या. त्यांची पहिली कॅसेट सहादूनंच केली होती आणि तो ते अभिमानानं सांगायचा. आता तीच कॅसेट ऐकताना त्याचा चेहरा उतरत गेला. ढोलकीचा धुमाकूळ चालला होता आणि बाईंचा आवाज त्याखाली दबून गेला होता. त्याच्या खोक्यांत खर्ज कमीच वाजायचा, म्हणून त्यानं ढोलकी चढवून ठेवली होती. बारा वर्षं असंच.

 सीमानं कॅसेट काढून नीट डबीत ठेवली. ती चार शब्द बोलली असती तर सहादूनं भांडून घेतलं असतं. तिचं न बोलणंच त्याच्या जिव्हारी लागलं.

बोलला तो दारात येऊन ऐकत उभा राहिलेला, त्या कॅसेटचा ढोलकीवाला गोरक्षनाथ. "सहादूभाऊ, माझ्या ढोलकीचा आवाज असा हाय, हे मला आज कळलं बगा!"

त्या दिवसापासून सहादूच्या पोटात विस्तव पडला. एप्रिलच्या जयंतीसाठी भामाबाईंची नवी गाणी ध्वनिमुद्रित झाली. मिक्सर सीमापुढे आणि सहादू वायरी गुंडाळायला. सगळ्यात जास्त झोंबलं ते भामाबाईंचं वागणं. आपल्या डब्यातली चटणी-भाकर त्या आधी सीमापुढे ठेवायच्या. "पोरीला समजतं रं गान्यातलं," असं त्यालाच सांगायच्या.

एका दुपारी सीमा टेप आणायला नगरला गेली. केशरबाई दुकानात. सहादूनं खिशातला पेचकस काढला आणि दोन्ही स्पीकरमागचा वरच्या सुरांचा स्क्रू पार डावीकडे, ते सूर दबतील असा फिरवला. एवढंसंच काम होतं. हात मात्र त्यानं पँटला पुसले.

दुसऱ्या दिवशी मिक्सिंगला बसल्यावर सीमा थबकली. "सहादूभाऊ, आवाज बोथट वाटतोय का हो? बाईंचे शब्द उमटत नाहीत."

सहादूनं हातातली वायर गुंडाळायला घेतली. तो म्हणाला, "बाई थकल्यात आता. आवाजच तसा झालाय त्यांचा."

सीमानं त्याच्यावर विश्वास ठेवला. बाईंना उजळ करायला तिनं मिक्सरवर वरचे सूर चढवले, आणखी चढवले. खोलीत ते छान वाटलं. दोनशे कॅसेट निघाल्या आणि स्टँडवरच्या टपऱ्यांत वाजल्या, तेव्हा प्रत्येक 'स' शिट्टीसारखा कानात घुसायला लागला. बाईंचा भरदार गळा पत्रा खरवडल्यासारखा वाजत होता. आठवड्यात गठ्ठे परत आले. केशरबाई भाचीला दुकानातच, गिऱ्हाइकांसमोर बोलल्या. सीमानं काम आवरून पुण्याला परतायचं ठरवलं. बॅग भरायला घेतली.

सहादूला वाटलं होतं, बरं वाटेल. दोन दिवस वाटलंही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भामाबाई त्याच्या ओट्यावर येऊन बसल्या. पाणी दिलं ते तसंच ठेवलं.

"खरं सांग सहादू. माझा गळा गेला का रं?"

"कोन म्हनलं?"

"समदे म्हनत्यात. कालच्या बैठकीला मला गा म्हनलंच न्हाई कुनी. पोरगी म्हनली, तिचं चुकलं. ती माझ्यासाठी म्हनत आसंल. तू खोटं बोलायचा न्हाईस."

सहादूनं मान खाली घातली. तो म्हणाला, "भामामावशी, तुमचा गळा सोन्यासारखा हाय. मी खोटं बोललो. तिच्याशी बी, आन् तुमच्यावर बी घातलं." आणि त्यानं सगळं सांगितलं.

भामाबाई ऐकून उठल्या. "मला काय सांगतो? चल तिच्याकडं."

एसटी निघायला अवकाश होता. सीमा दुकानाच्या पायरीवर बॅग घेऊन बसली होती. सहादूनं केशरबाईंदेखत सांगितलं, कुठेही सावरासावर न करता. केशरबाईंनी कपाळावर हात मारला. सीमाचे डोळे भरले, मग लाल झाले.

"तीन रात्री मी झोपले नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, माझे कान गेले. सहा वर्षं वाया गेली. तुम्ही खुशाल बघत राहिलात?"

"व्हय."

"का?"

"तुला ऐकू येतं म्हनून," सहादू म्हणाला. "मला न्हवतं येत."

तिनं माफ केलं, असं काही झालं नाही. ती उठून आत गेली आणि स्क्रू खुणेवर आणले. मूळ टेप होतीच. दोन दिवसांत गाणी पुन्हा मिक्स झाली. केशरबाईंनी त्याला घरी बसवायचं ठरवलं होतं. सीमाच म्हणाली, "राहू द्या, आत्या. वायरिंग त्यांच्याइतकं कुणाला येत नाही." त्यात कौतुक नव्हतं आणि सहादूलाही ते कळलं.

नवी कॅसेट तयार झाली तेव्हा तिनं त्याला खुर्चीत बसायला सांगितलं. भामाबाईंचा आवाज समोरून, दोन स्पीकरच्या बरोबर मधून आला, जणू बाई टेबलामागे उभ्या राहून गात होत्या. श्वास घेतलेलाही कळत होता. सहादूच्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी पोटातला विस्तवही पुन्हा फुलला. हे आपल्या हातून झालं असतं तर!

गाणं संपल्यावर सीमानं पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली. सहादू स्वतः रेडिओतल्या स्क्रूंना असाच ठिपका द्यायचा, जागचे हलू नयेत म्हणून, आणि कुणी हलवले तर कळावं म्हणून. तिनं बाटली त्याच्यापुढे धरली.

"तुम्हीच लावा."

त्यानं वाकून चारही स्क्रूंवर एकेक लाल ठिपका ठेवला. शेवटचा वाळेपर्यंत तो तिथंच, तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.