आईची हाडं कोण धुणार

ग्रीसमधल्या आमच्या मानी नावाच्या भागात माणूस मेलं की बायका आधी घसा मोकळा करून घेतात. खोटं नाही सांगत. आईच्या मयताला देस्पो मावशीनं मधाचं पाणी पिऊन मग हंबरडा फोडला. तो आवाज मला सोसत नाही, डोकं फुटायला येतं, म्हणून मी कान दाबून चर्चच्या भिंतीमागं मागंपुढं डुलत बसले. झालं. या आर्गिरोच्या, म्हणजे माझ्या, डोळ्यांत टिपूस नाही, मेलीचं काळीज दगडाचं, असं गावभर झालं.

माझं दुःख उशिरा येतं. शहरातल्या डॉक्टरीणबाई त्याला ऑटिझम म्हणाल्या, मावशी थेरं म्हणाली. महिन्याभरानं दुकानात आईचा साबण दिसला आणि मी तिथंच खाली बसले. पुढं दोन दिवस तोंडातून शब्द फुटला नाही. तेव्हा कुणी फिरकलं नाही. माझा रडायचा मुहूर्त टळला होता ना.

आमच्याकडे काही वर्षांनी थडगं उघडतात, हाडं वाइननं धुऊन पेटीत ठेवतात. आईनं मरायच्या आधी सांगितलं होतं, "मला तूच धू गं. त्या रडणाऱ्या बाया नुसता गोंगाट करतील." मला तेवढंच हवं होतं. पण मावशीनं बजावलं, "जिनं मयताला अश्रू ढाळला नाही, तिनं हात लावायचा नाही. माझ्या बहिणीला मी धुणार." पाद्रीबाबांनी मान डोलावली. देवाला न भिणारा माणूस, पण मावशीपुढं शेळी.

थडगं उघडायच्या सकाळी मी कानांत मेणाचे बोळे घालून लांब उभी राहिले. मावशीनं मनसोक्त ऊर बडवून घेतला. मग खोदणाऱ्यानं कवटी वर काढून तिच्यापुढं धरली. मातीनं माखलेली, कपाळाला काळ्या रुमालाची चिंधी चिकटलेली. मावशी मागं सरली आणि तिथंच ओकली. बाकीच्या रडणाऱ्या एकमेकींच्या पाठीमागं लपल्या.

मी पुढं जाऊन खाली बसले. आईचं डोकं मांडीवर घेतलं, वाइन ओतली, बोटांनी हळूहळू माती सोडवली. आईची आठवण इतकी दाटून आली की छाती फुटेलसं वाटलं, म्हणून मी जोरात डुलले आणि गुणगुणले. नीट बस, असं या वेळी कुणी म्हणालं नाही.

मावशी तोंड पुसत जवळ आली. "अगं, आता तरी रड की."

"तू रड, मावशी," मी म्हटलं. "माझे हात गुंतलेत."