रस्त्यापलीकडची भिंत

संवर्धक बाईंनी विजेरी दगडाला जवळजवळ टेकवली आणि प्रकाश तिरपा सोडला. कोरलेल्या वादकांच्या ओळीतली नाके, ओठ, बोटे सावल्यांसह उठून आली. कडेच्या पावा वाजवणारीच्या चेहऱ्यावर मात्र सावली धरण्याजोगे फारसे काही उरले नव्हते. ओळ एकच, दगड एकच, पाऊसही एकच. फरक एवढाच, की शेवाळ या कोपऱ्यात धरत असे आणि दर रविवारी घासला जाई तो हाच कोपरा. शंका घेणे हा बाईंचा व्यवसाय होता, पण इथे शंकेला जागा नव्हती.

मागे अंगणात खुर्च्या मांडल्या जात होत्या. या अवशेषांची राखण करणाऱ्या स्वयंसेवकांचे आज पुरातत्त्व कार्यालयातर्फे आभार मानायचे होते, आणि भाषण बाईंकडे होते. पहिला सत्कार ब्रशकाकांचा. काका निवृत्त बसचालक. ब्रशकाका हे नाव त्यांना गटाने रविवारच्या घासकामावरून दिले होते आणि ते त्यांनी पदवीसारखे मिरवले होते.

"बाई, येऊ का?"

काकाच होते. इस्त्रीचा शर्ट, नवा चष्मा.

"मोतीबिंदू काढले, दोन्ही डोळ्यांचे. आता बसची पाटी पार लांबून वाचतो. बायकोचे पांढरे केसही दिसतात, पण ते बोलायचं नसतं."

बाई हसल्या. काका हसले नाहीत. ते भिंतीकडे पाहत होते.

"हिचा चेहरा तेवढा अजून पुसटच दिसतो. मला वाटायचं, आपलेच डोळे गेले. म्हणून हिला जरा जास्तच घासायचो. नीट दिसावी म्हणून."

बाईंनी विजेरी बंद केली. हवा, ऊन, दगडाचे वय अशी उत्तरे तयार होती, आणि त्यांतले एकही सर्वस्वी खोटे नव्हते.

"माझ्यामुळं झालं का हे?"

"ब्रशमुळे," बाई म्हणाल्या. "दगड मऊ आहे. शेवाळाबरोबर त्याचे कणही निघतात. ब्रश आमच्या कार्यालयानं दिला; पुढे काय होतंय ते आम्ही बघायला हवं होतं."

"तुम्ही दिला, पण घासलं मीच ना." काकांनी तळवे शर्टाला पुसले. "माझं नाव वगळा आज. कुठल्या तोंडानं पुढे येऊ? आणि रविवारचंही राहू द्या आता."

"अहो, या की इकडे!" पहिल्या रांगेतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. "घरात कधी एक वाटी विसळली नाही, आणि सत्कार कशाचा, तर घासकामाचा!"

रांग हसली. या विनोदावर सर्वांत आधी काका हसत. आज ते मागच्या खुर्चीत जाऊन बसले.

बाईंनी माइकसमोर लिहून आणलेला कागद उघडला, त्यातली विशेषणे पाहिली आणि पुन्हा घडी घातली.

"एखाद्या कामाचा परिणाम मोजायचा, तर ते काम जिथे झालं नाही अशी दुसरी जागा तुलनेला लागते," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे ती आहे. जरा मागे वळून बघा."

खुर्च्या करकरल्या. रस्त्यापलीकडे गवत होते आणि गवतात पायाचे चार दगड.

"तिथे अशीच भिंत होती. तिच्यावर नर्तक होते. काका नोकरीत होते तेव्हाची गोष्ट. बांधकामाला दगड न्यायला ट्रक आले, तेव्हा काकांनी या बाजूला बस आडवी लावली, प्रवाशांसकट. पलीकडे लावायला दुसरी बस नव्हती."

"त्याचा मेमो आहे अजून घरी!" पत्नी म्हणाल्या. या वेळी कोणी हसले नाही.

"आता दुसरी नोंद. आपल्या साफसफाईनं इथला एक चेहरा झिजलाय. ब्रश आम्ही दिला होता, म्हणून चूक आमची. आजपासून ब्रश बंद." बाईंनी भिंतीकडे हात केला. "पण झिजायला तो चेहरा जागेवर होता, हे या लोकांमुळे. दोन्ही नोंदी धरूनच मी आभार मानते आहे. पहिला सत्कार काकांचा."

काका उठायला वेळ लावतील असे बाईंना वाटले होते. तसा त्यांनी लावलाही. पत्नीने मागे जाऊन त्यांची बाही नीट केली, तेव्हा ते उठले. मानचिन्ह घेतले, ते तिच्याकडे दिले आणि भिंतीकडे गेले.

तिथे छायाचित्रासाठी सगळे जमले. मधे उभ्या राहिलेल्या प्रमुख पाहुण्यांनी ऐटीत एक हात मागे, पावा वाजवणारीच्या खांद्यावर टेकवला.

"साहेब, हात," काका म्हणाले.

पाहुण्यांनी हात काढला. काकांचे स्वतःचे हात पाठीमागे होते. एका हाताने दुसऱ्याचे मनगट घट्ट धरून ठेवले होते.

"रविवारी फाटक किती वाजता उघडायचं?" त्यांनी बाईंना विचारले.