सुखवंताबाईच्या गळ्यातली गरसोळी

मित्रांनो, मी एक जुनी गरसोळी आहे, सवाष्णीच्या गळ्यातले लेणे. काळे मणी, मध्ये सोन्याचे दोन, आणि जागा अगदी गळ्याला लागून. आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या बाजारातल्या दुर्गेश्वरी पटविणीने मला ओवले. लग्नापासून मी सुखवंताबाईच्या गळ्यात आहे. काय सांगू तिचा आवाज! रोवणीला, धानाची रोपे लावायला, बाया चिखलात उतरल्या की पहिले गाणे तिचेच. सूर आधी माझ्या मण्यांना लागे, मग बांधीभर पसरे. मला तिचा फार अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी मी तिला काचू लागले. घरचे म्हणाले, "रोवणीच्या पाण्यानं दोरा आकसला." तिने माझ्या जागी गळ्यात हळदीचा दोरा बांधला आणि तिचा नवरा तुलसीराम मला एकटीला बाजारात घेऊन गेला. दुर्गेश्वरीने दोरा दोन बोटे वाढवून दिला. सगळे निश्चिंत झाले.

बाईचा आवाज मात्र घोगरा झाला. तिला उन्हातही थंडी वाजे. मग गाणेच थांबले. "मी कोणाच्याच कामाची नाही," म्हणून ती रडे, आसवे माझ्यावर पडत. तुलसीराम चिडे, "काऊन अशी बसून राहतेस वं?" शेजारणी तिला आळशी म्हणत. अस्सा राग येई मला! पण मण्यांना तोंड कुठे?

पुढच्या साली मी पुन्हा काचले, पुन्हा बाजारात गेले. दुर्गेश्वरीने दोरा ताणून पाहिला.

"भाऊ, माझा दोरा आकसत नाही. गळा वाढून राहिला. बाईले दवाखान्यात न्या, आजच!"

शाब्बास गं पटविणी! जे घरात कोणाला दिसले नाही, ते हिने गळा न पाहता ओळखले.

दवाखान्यात रक्त तपासले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गळ्यातली थायरॉईड ग्रंथी सुजली आहे आणि कमी काम करते आहे. तिचा रस कमी पडला की थंडी वाजते, आवाज घोगरा होतो, शरीर थकतं, मनही उदास होतं. हा आळस नाही, आजार आहे."

तुलसीरामने मान खाली घातली. "मी तुले आळशी समजून राहिलो होतो," तो म्हणाला. तेव्हापासून रोज सकाळी उपाशीपोटी गोळी तोच तिच्या हातावर ठेवतो. गुण यायला काही महिने लागले.

यंदा रोवणीला बाया गाण्यासाठी तिच्याकडे पाहत थांबल्या. ती जरा घुटमळली, मग गायली. आवाज थोडा फाटका होता, पण माझ्या मण्यांना लागला.

मित्रांनो, घरातले गाणारे माणूस गप्प झाले तर त्याला नावे ठेवू नका, डॉक्टरकडे न्या. आणि गरसोळी काचली तर दोरा वाढवण्याआधी गळा पाहा.