हरणाऱ्याचा चहा

पंजाबरावांनी माळ्यावरची लाकडी पेटी खाली उतरवली, फडक्यानं पुसली आणि झाकण उघडून आत हात घातला. हाताला पाकिटं लागायला हवी होती, लागली माती. वाळवीनं तळातून शिरून पाकिटं, पाकिटांतली पानं, पानांवरचे खुनी आणि त्यांचे कबुलीजबाब, सगळंच फस्त केलं होतं. वरची चार-दोन पानं कशीबशी शाबूत होती. चष्मा लावून त्यांनी ती एकेक करून पाहिली. हवं होतं ते त्यांत नव्हतं. मग ते तिथेच स्टुलावर बसले आणि मातीनं भरलेल्या हातांकडे पाहत राहिले.

अमरावतीत जवाहर गेटच्या आत त्यांचं पुस्तकांचं दुकान. विकायची पुस्तकं पुढे, भाड्यानं द्यायची मागे, आणि मागच्या फळ्यांवर बहुतेक रहस्यकथा. एके काळी लोक उभ्याउभ्या शेवट वाचायचे, खुनी कोण ते पाहून घ्यायचे आणि पुस्तक जागेवर ठेवून चालू लागायचे. पंजाबराव वैतागले आणि त्यांनी एक अघोरी उपाय काढला. रहस्यकथा दुकानात आली की ब्लेडनं तिचं शेवटचं पान कापायचं आणि पाकिटात घालून पेटीत ठेवायचं. पुस्तक वाचून झालं की वाचकानं गल्ल्यापाशी यावं, खुनी कोण ते सांगावं आणि मगच पान मागावं. अंदाज चुकला तर दुकानात त्या घडीला असतील तेवढ्यांना हरणाऱ्यानं चहा पाजायचा. भातकुलीचे एक मास्तर दर शनिवारी हरायचे आणि पुढच्या शनिवारी तितक्याच हौसेनं यायचे.

कापताना पंजाबराव स्वतः पान वाचत नसत. वाचलं तर आपल्या तोंडावरून लोकांना कळेल, अशी त्यांना धास्ती. ती खोटी नव्हती. पोटातलं सगळं चेहऱ्यावर येणारा माणूस तो.

घरच्या माणसालाही सवलत नव्हती. कौशल्याबाई स्वयंपाक आटोपला की पुस्तक घेऊन बसायच्या. एकदा तापानं फणफणलेल्या असताना त्यांनी पान मागितलं, तर हे म्हणाले, आधी नाव सांग. त्या वेळी दोघंही हसले होते. आता ते आठवलं की पंजाबरावांना स्वतःची लाज वाटायची.

कारण कौशल्याबाई आता अकोल्याच्या दवाखान्यात होत्या. लेक हर्षा तिथलीच, म्हणून तिथे नेलं होतं. पोटातलं दुखणं फार पसरलं होतं. डॉक्टरांनी व्हरांड्यात हर्षाला जे सांगितलं, ते तिनं वडिलांना सांगायची गरजच पडली नाही. कौशल्याबाईंनी एवढंच मागितलं होतं, 'बंद दुकानातलं गिऱ्हाईक'. हर्षाच्या वेळी दिवस भरले तेव्हा ते पुस्तक अर्धं राहिलं होतं, आणि पुढे लेकराच्या मागे ते राहूनच गेलं.

म्हणून पंजाबराव रोज बडनेऱ्याहून गाडी धरत आणि खाटेशेजारी बसून वाचून दाखवत. गोष्ट मोठी काळी होती. पुण्यातलं एक पुस्तकांचं दुकान. मालकाची बायको माळ्यावर पुस्तक काढायला चढते आणि खाली येतच नाही. वर फुटलेल्या बांगड्या आणि रक्त, बाई कुठेच नाही. दीर, मुनीम, एक जुनं गिऱ्हाईक, सगळ्यांवर संशय फिरून येतो आणि शेवटी नवऱ्यापाशी थांबतो. काय झालं ते शेवटच्या पानावर. आणि ते पान वाळवीच्या पोटात.

त्यांनी नागपूरच्या ओळखीच्या दुकानदारांना फोन केले. कोणाकडेच प्रत नव्हती. प्रकाशक केव्हाच वारले होते. शेवटी पंजाबरावांनी पेटीत शाबूत राहिलेलं कुठल्याशा दुसऱ्याच कादंबरीचं पान घडी करून खिशात घातलं आणि गाडी धरली. रस्ताभर ते खिसा चाचपत होते.

दुपारी वॉर्डात जरा शांतता झाली, तेव्हा त्यांनी उरलेलं प्रकरण वाचून संपवलं. डोळे चुरचुरत होते म्हणून चष्मा काढून चादरीवर ठेवला. कौशल्याबाईंनी तो उचलला आणि नेहमीसारखा पदरानं पुसू लागल्या. काच पुसायलाही आता त्यांना वेळ लागत होता.

"सांग आता," पंजाबराव म्हणाले. "कोनं मारलं?"

"नवऱ्यानंच."

"काहून?"

"बायकोपेक्षा त्याले पुस्तकं प्यारी होती."

हर्षा खुदकन हसली आणि लगेच खिडकीकडे वळली. पंजाबरावांनी खिशातलं पान काढलं, उलगडलं आणि डोळ्यांसमोर धरलं. घसा खाकरला.

"इन्स्पेक्टर माळ्यावर गेले. तिथे त्यांना... तिथे मागच्या बाजूला एक दार दिसलं. दारातून जिना खाली गेला होता." ते थांबले. "इतक्यात दुकानाची कडी वाजली. मालकानं दार उघडलं, तं समोर बायको उभी. म्हणे, बांगडी फुटली, हात कापला, अन् तुमी खालून वर पाह्यलंबी नाही. म्हनून मी रागानं मायेरी निघून गेली होती, शेंदूरजन्याले."

"पुन्याची बाई शेंदूरजन्याची होती?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"असं लिवलं हाय," पंजाबराव पानावरून नजर न काढता म्हणाले.

कौशल्याबाईंचं माहेर शेंदूरजनाघाटचं. हर्षानं आईकडे पाहिलं. आई छताकडे पाहत होती.

"मंग मेली नोती ते?"

"नोती. परत आली."

"अन् नवरा काय म्हने?"

पंजाबरावांनी बराच वेळ पानाकडे पाहिलं. "तो म्हने, यापुढं मी सोता माळ्यावर चढत जाईन. तू फक्त खाली बस माझ्यापाशी."

कौशल्याबाईंनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग त्या हर्षाला म्हणाल्या, "जाय वो बाई, चहा सांगून ये. सबन वार्डाले. मी हारली आज."

चहा आला. शेजारच्या खाटेवरच्या तिवश्याच्या म्हातारीनं विचारलं, कशाचा म्हणून. कौशल्याबाई म्हणाल्या, "आमच्या दुकानाची रीत हाय." त्यांनी स्वतः घोटभरच घेतला. पंजाबरावांना इतकं हलकं वाटलं, की गाडीची वेळ झाली तसे ते घाईनं उठले आणि निघाले. चष्मा नसल्याचं बडनेऱ्याला उतरल्यावर लक्षात आलं. गाडीत विसरला असणार, असं म्हणून त्यांनी घरचा जुना शोधून काढला. चष्म्याशिवाय त्यांना अक्षर लागत नसे. मुंग्यांची रांग आणि छापील ओळ सारखीच.

पुढे वाचायचं काही उरलं नाही. कौशल्याबाई बहुतेक वेळ झोपूनच असत आणि एका सकाळी उठल्याच नाहीत.

तेरवी झाल्यावर पंजाबरावांनी दुकान उघडलं. हर्षा सोबत आली होती. भातकुलीचे मास्तर काठी टेकत भेटायला आले होते आणि शेजारचा घड्याळवाला येऊन बाकावर बसला होता. हर्षानं पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून गल्ल्यावर ठेवलं.

"बाबा, तुमचा चष्मा. आईच्या उशीखाली होता."

"उशीखाली?"

"शेवट वाचला ना तुमी, तवापासून तिच्याच हातात होता. तुमी निघाले तशी मी द्याले उठली, तं तिनं माहा हात धरला. म्हने, राहू दे. आता नको देऊ."

पंजाबरावांनी रुमाल उलगडला. काचा लख्ख पुसलेल्या होत्या. कितीतरी वेळ ते त्या काचांकडे पाहत राहिले. वॉर्ड आठवला, दुपार आठवली, हातात धरलेलं ते पान आठवलं, आणि पानामागचं आपलं बिनचष्म्याचं तोंड. मग ते उठून दारापाशी गेले आणि समोरच्या हॉटेलवाल्याला हाक मारली.

"चहा पाठव. दुकानात हायेत तेवढ्यायले."

मास्तरांनी काठीवरची हनुवटी उचलली. पुष्कळ वर्षांनी तो हुकूम ऐकला होता त्यांनी.

"कोन हारलं?"

"मी," पंजाबराव म्हणाले आणि रस्त्याकडे तोंड करून तसेच उभे राहिले.