पक्की प्रत

वसंतराव एकतीस वर्षं कारकून होते. पक्की प्रत तयार झाली की कच्ची फाडून टाकायची, हा त्यांचा धर्म.

कंपनीचा डेटा चोरल्याचा आरोप त्यांच्या मुलीवर, अबोलीवर, आला. तिचा पासवर्ड साहेबानेच मेसेज करून मागून घेतला होता. ते मेसेज तिच्या जुन्या मोबाइलमध्ये होते. वसंतरावांनी धरमपेठेतल्या दुकानात त्यांचे रंगीत प्रिंट काढले, लॅमिनेशन केलं, प्रत्येकावर तारखेसह सही केली आणि फाइल वकील मिनलताईंसमोर ठेवली.

"छान. आता मोबाइल द्या, काकाजी. नुसत्या कागदावर तर कोणीही काहीही छापते. कोर्टाले मूळ मेसेज पाहा लागते."

"तो पुसून कोरा केला," वसंतराव अभिमानाने म्हणाले. "उगाच कच्चं कशाला ठेवायचं?"

मिनलताईंनी पेन खाली ठेवलं. "साहेबानं त्याच्याकडचे तर कधीच पुसले. तोच एक पुरावा होता जी."

"परत येतील ना?"

मिनलताईंनी नकारार्थी मान हलवली.

अबोलीने फाइल उघडली, ओढणीने लॅमिनेशनवरची धूळ टिपली.

"सह्या किती सुरेख आल्यात, बाबा," ती म्हणाली.

वसंतरावांना आपली सही पाहवेना.