स्पीकर मुरवण्याची गवळण

ज्योतीरामने अख्खा रविवार खपून गाडीत स्वतःच्या हाताने नवे स्पीकर बसवले, आणि सोमवारी कस्तुराआत्याने जाहीर केलं की ती आळंदीला बसनेच जाईल.

"का गं आत्या? एसी हाय, गाणी हायत."

"कसली गाणी? कानात कुणी पत्रा घासतंय जनू. बाई गाती का शिट्टी मारती त्येच कळंना."

आत्या म्हणजे ज्योतीरामच्या वडिलांची बहीण. निघोज्याच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं गात होती. टाळ जरा मागे पडला तरी मान वळवून बघायची. तिच्या कानाला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती, पण ज्योतीरामची झाली.

"ह्याला क्लॅरिटी म्हणतात," तो म्हणाला. "जुन्या डब्याची सवय लागलेल्या कानांना झेपत न्हाई ती."

त्याच्या बायकोने, पूनमने, भाजी परतता परतता हे ऐकलं. तिचंही डोकं रविवारपासून ठणकत होतं. गाण्यातला प्रत्येक 'स' कुकरची वाफ सुटावी तसा यायचा आणि ढोलकी मात्र पलीकडच्या आळीत वाजत असल्यासारखी. आणि असं का होतंय याचा तिला अंदाजही होता. चाकणच्या एका कंपनीत ती नऊ वर्षं गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या तपासत होती.

"अहो, मी बघू का एकदा? डाव्या दारातल्या वायरी उलट्या लागल्या असतील."

"तू तुझ्या कंपनीतल्या वायरी बघ," ज्योतीराम म्हणाला. "हे म्युझिक आहे."

पूनमने गॅस बंद केला आणि कढईवर झाकण ठेवलं. तिला ओळखणारा माणूस इथेच सावध झाला असता.

दोनच दिवसांत ज्योतीराम स्वतः कपाळ चोळत घरी आला. हरलो म्हणायचं नव्हतं, म्हणून सहज विषय काढल्यासारखं म्हणाला, "नवे स्पीकर सुरुवातीला जरा कडकच असतात म्हणे."

"असतात ना," पूनम लगेच म्हणाली. "आतला पडदा मऊ व्हावा लागतो. आमच्या लाईनवर एकीच्या भावाने गवळणीवर मुरवले. आठ दिवस, रोज जाता-येता. साधा बाईचा गळा पाहिजे, बाकी वाद्यंबिद्यं नकोत."

"गवळण? कुणाची आणायची आता?"

आत्या कोपऱ्यात लसूण सोलत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "मी म्हणून देते की मोबाईलात. पर काचा उघड्या ठिवायच्या. आवाजाला वारं लागाया पायजे."

गवळणीचं दोघींचं आधीच ठरलं होतं, पण काचांचं पूनमने तिला शिकवलं नव्हतं. पूनमला एकदम ठसका लागला आणि ती पाणी प्यायच्या निमित्ताने आत पळाली.

दुसऱ्या दिवसापासून ज्योतीरामची गाडी काचा उघड्या टाकून, आत्याच्या खणखणीत आवाजात कृष्णाच्या खोड्या सांगत एमआयडीसीतून जाऊ लागली. सिग्नलला ट्रकवाले वाकून बघत. कंपनीच्या गेटवरचा सिक्युरिटीवाला तर हात जोडायला लागला. ज्योतीरामही मान लववून नमस्कार घ्यायचा, करतो काय!

पहिले दोन दिवस पूनमने गाडीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टवरून येऊन तो तासभर आडवा झाला, तेव्हा तिने चावी उचलली. ट्रेबल, म्हणजे आवाजाची धार, ज्योतीरामने शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला होता, तो मधोमध आणला. पाचव्या दिवशी समोरचे रुपयाएवढे छोटे स्पीकर, जे नेम धरल्यासारखे थेट ड्रायव्हरच्या कानाकडे रोखलेले होते, ते काचेकडे वळवले. सातव्या दिवशी डावं दार उघडलं. वायरी उलट्याच होत्या. त्या सरळ केल्या, दार बंद केलं आणि शांतपणे चहा टाकला.

आठव्या दिवशी ज्योतीरामने दोघींना गाडीत बसवलं.

"ऐका. मुरले का न्हाई?"

आधी एक ढोलकीचं गाणं लावलं. ती आता गाडीतच वाजत होती, मांडीवर घेतल्यासारखी. मग आत्याची गवळण. आत्या ऐकता ऐकता स्पीकरकडे वाकली. स्वतःचा आवाज असा उलगडून तिने कधी ऐकलाच नव्हता.

"मी आशी गाते व्हय?" ती हळूच म्हणाली.

पूनमला जरा भरून आलं. उद्या ज्योतीरामला खरं सांगून टाकू, असं तिने ठरवलं.

पण तोवर त्याचं कंपनीतल्या सगळ्या शॉपमध्ये सांगून झालं होतं. रविवारी सकाळी त्याच्याच लाईनवरचा जयसिंग जीप घेऊन दारात उभा.

"वहिनी, माझेपण स्पीकर लई करकरतात. आत्यांची गवळण पाहिजे."

आत्या पदर सावरून मोबाईलसमोर बसली. जयसिंग तिच्यापुढे मांडी घालून बसला, हात जोडूनच. पूनमची पंचाईत झाली. गवळणीने काही झालं नाही तर आत्याचं नाव जाणार. तिने हळूच पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर उचलले आणि बाहेर सटकली.

जयसिंगच्या जीपमध्ये ती अर्धी डॅशबोर्डखाली शिरली होती, तोंडात स्क्रू-ड्रायव्हर होता, आणि मागे ज्योतीराम येऊन उभा राहिला.

 पूनमने तोंडातला स्क्रू-ड्रायव्हर काढला.

"आपल्या गाडीतपण?" ज्योतीरामने विचारलं.

"तिसऱ्या दिवसापासून."

"आणि पहिले दोन दिवस?"

"ते 'तुझ्या कंपनीतल्या वायरी बघ'चे."

ज्योतीरामचे कान लाल झाले. सिक्युरिटीवाल्याचा नमस्कार त्याच्या डोळ्यांसमोरून गेला असावा. तो आता ओरडणार म्हणून पूनम थांबली. तेवढ्यात आतून जयसिंगचा गहिवरलेला आवाज आला, "वाऽऽ आत्या!" ज्योतीरामच्या ओठांचा कोपरा हलला. मग दुसरा हलला. हसू दाबता दाबता तो जीपच्या दारावर रेलला.

"ह्याला सांगू नको हां. नाहीतर मला कंपनी बदलावी लागंल."

"नाही सांगत. याचं पाच मिनिटांत नीट होतंय, बघा. उजव्या वायरी उलट्या होत्या, सरळ केल्या."

"केल्यास?" ज्योतीराम तिच्या शेजारी वाकला. तिच्या हातातली पक्कड त्याने काढून घेतली. "परत उलट्या कशा करायच्या, ते दाव."

"का?"

"आठ दिवस मी एकट्यानेच का म्हणून?"