पांढरं तास

"वहिनी, शेत हाय का उकिरडा?" धाकट्या दिराने, अबुंदियोने, ट्रॅक्टरवरूनच विचारलं. हर्मेलिंडाने त्याच्याकडे बघितलंही नाही. गेली दोन वर्षं ती कणसं खुडून मक्याची धाटं उतारावरच आडवी पाडून ठेवत होती. सुगी झाली की गावाची गुरं कुणाच्याही रानात चरायची, ही ओआहाकाच्या डोंगरातली जुनी रीत. हिने वाटेवर निवडुंग लावून गुरं अडवली. तेव्हापासून चर्चच्या पायरीवर बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या.

"माती टिकतीया," ती म्हणायची. "धाटाखाली हात घालून बगा, ओल लागंल."

तिच्या नवऱ्याला, क्रिस्पिनला, ते पटायचं. पण मेस्कालच्या गुत्त्यावर लोक विचारायचे, "काय रं, रान बायकूच्या नावावर केलंस व्हय?" क्रिस्पिन उपास काढणारा गडी, पण हसं झालेलं त्याला सोसायचं नाही.

मंगळवारी ती बाजाराला गेली. परतताना खिंडीतूनच तिला दिसलं, पिवळा उतार पांढराफटक झाला होता. अबुंदियोने नांगर हातभर खोल लावला होता. खाली नदीकाठी त्याच्या स्वतःच्या जमिनीत माती कमरेइतकी खोल, तिथं तो असाच नांगरायचा. इथं वीतभर मातीखाली पांढरा मुरूम आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. धाटं आणि काळी माती खाली गाडली गेली, मुरूम वर आला.

टोपली टाकून ती नांगराच्या तासात बसली. हातात घेतलेलं ढेकूळ दाबून फुटेना. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

"कुनी सांगितलं त्येला?" तिने जवळ आलेल्या नवऱ्याला विचारलं.

"म्याच," क्रिस्पिन खाली मान घालून म्हणाला. "लई बोलत व्हते लोक."

"मग आता त्येंलाच बोलवा पेरायला."

बांधावरून शेजारचा तोरिबियो गाई घेऊन चालला होता. तो थांबला आणि अगदी मनापासून म्हणाला, "आता कसं रान रानावानी दिसतंया, क्रिस्पिन. झ्याक काम झालं."

तोरिबियो वळणाआड गेल्यावर क्रिस्पिन बायकोशेजारी खाली बसला.

"झालं ते झालं. फुडल्या साली धाटं पुन्यांदा पसरू. गुरं म्या सोता अडवतो."

"धाटं कशाची?" हर्मेलिंडा म्हणाली. "त्येला आदी मका यावा लागतो."